चौथी मॅच

केसरीनाथ : ...टेम्पो चालू ठेवलाय बाहेर, डिझेल जळतंय. बूट घाल पोरी.

मृणाली : मामा, मी न्हाय येत. पडघ्याच्या पोरींना सांग, आपल्या अंजूरच्या टीमनं मॅच सोडली.

विनिता : बरं झालं, स्वतःच बोलली. दादा, आज प्रितेशची हळद. दहाला बाया हळद कुटायला येतील. सख्ख्या भावाची करवली बेसबॉल खेळायला गेली तर माझ्या तोंडात शेण घालतील.

केसरीनाथ : तू गप गं विनिता. ही हळदीसाठी न्हाय थांबत. ही घाबरलीय.

मृणाली : घाबरू नको तर काय करू? सात मॅचची सीरिज, चार जिंकेल तो चॅम्पियन. आपण तिन्ही हरलो. परवा माझ्या पिचिंगवर बारा रन निघाले, बारा! आज हरलो की खल्लास.

केसरीनाथ : बस खाली. दोन हजार चार साल. मी पॉवरलूमवर कामाला, नाइट शिफ्ट. सकाळी सुटलो की चहाच्या टपरीवर टीव्ही. अमेरिकेत रात्र, आपल्याकडं सकाळ. बोस्टन आणि न्यूयॉर्क.

विनिता : झालं याचं सुरू.

केसरीनाथ : अशीच सात मॅचची सीरिज. बोस्टन तीन हरलेले. तिसऱ्या मॅचला एकोणीस रन खाल्लेले, तुझे बारा काय घेऊन बसलीस! आणि तीन हरून सीरिज जिंकलेली टीम तिकडं तोवर एकही न्हाय. एकही! चौथी मॅच, शेवटची इनिंग आली, बोस्टन एका रननं मागं.

मृणाली : मग?

केसरीनाथ : मग मी उठलो नि झोपायला गेलो.

मृणाली : काय?

केसरीनाथ : म्हटलं, संपलं. डोळे जळत होते. दुसऱ्या दिवशी टपरीवाला सांगतो, केसरीभाय, तुम निकले और उन्होंने रन बराबर किया. बाराव्या इनिंगला जिंकले. मग पाचवी, सहावी, सातवी. मग फायनल पण मारली, चार शून्य. शहाऐंशी वर्षांनी चॅम्पियन! आणि मी घोरत होतो.

विनिता : तू कुठं कुठं झोपला नाहीस दादा! माझ्या लग्नात पण झोपलेलास.

केसरीनाथ : बोस्टनच्या त्या सीरिजच्या शंभर वर्षं आधी न्यूयॉर्कच्याच एका टीमनं फायनल खेळायलाच नाही म्हटलं. घरी बसले. मोबाईल आल्यावर खोदून काढलं मी. त्या वर्षीचा चॅम्पियनच न्हाय लिहिलेला, जागा रिकामी. तुला तसं पायजे?

मृणाली : मेंदी काढलीय. बॉल सटकला तर?

केसरीनाथ : सटकू दे. परत टाक. हरलीस तर हरून ये, मी काय बोलणार न्हाय. पण न खेळता हळदीत नाचलीस ना, तर मामा म्हणत माझ्यापुढं येऊ नको.

विनिता : आठला मॅच ना? संपंल कधी?

केसरीनाथ : साडेदहा. अकराला दारात आणून सोडतो.

विनिता : अकराच्या वर मी उखळ अडवणार न्हाय, सांगून ठेवते. आणि बाया विचारतील, करवली कुठं हाय. काय सांगू?

मृणाली : सांग, चौथी मॅच हाय.