डेडलाइन आणि मखमलीचे पडदे

नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या शब्दात उघड उघड मरण बसलंय, तो शब्द माणसाने चहा ढवळता ढवळता वापरावा का? तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं पडद्यांचं दुकान चालवतोय, गिऱ्हाईक विचारायचं, 'शेठ, कधी?' मी म्हणायचो, 'झालेच समजा,' झालेले नाहीत हे दोघांनाही ठाऊक, तरी कुणाच्या खिडक्या उघड्या राहिल्या का... पण हा नव्या हॉटेलचा मॅनेजर, आवाज कसा, मधात बुडवलेला, 'काका, शुक्रवार डेडलाइन हं. हॉलचे पडदे नीट लागले की वरच्या सगळ्या खोल्या तुमच्या.'

सगळ्या खोल्या! आम्ही हरखलो. जेवताना सहज सुनेला शब्दाचा अर्थ विचारला. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, शब्दाचं कूळ काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. म्हणाली, 'बाबा, पूर्वी एका लढाईत कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या अलीकडे रेष असायची. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. पुढे छापखाना-वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द मुदतीसाठी उचलला.' आणि त्याच सुरात, 'भात वाढू?' आता घास उतरेल का हो? रेष ओलांडली की गोळी. बायको माझ्या पोटाकडे बघून म्हणते, 'तुमच्यावर नेम तरी कुठे धरावा लागणार आहे.'

झालं, डोक्यात ती रेषच बसली. आता आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल, जड मखमल शिवली की आधी नुसती टांगायची, वजनाने कापड खाली उतरतं, उतरू द्यायचं, मग खालची दुमड घालायची. शिलाईवाले मास्तर गुरुवारी तेच म्हणाले, 'टांगू, उद्या दुमडू.' तेवढ्यात फोन. 'काका, डेडलाइन लक्षात आहे ना?' फोन ठेवला. म्हटलं, मास्तर, टेबलावरच माप धरा आणि घाला टीप. मास्तर चष्म्यावरून बघत, 'शेठ, हे तुम्ही बोलताय?' म्हटलं, मीच बोलतोय, रेष ओलांडली की गोळी!

शुक्रवारी दुपारी शेवटचा पडदा चढवला, मी अजून शिडीवरच, खाली मॅनेजर. म्हटलं, साहेब, वेळेत. तर हा कप खाली ठेवून म्हणतो, 'अरे हो, काका, सांगायचंच राहिलं. उद्घाटन पुढच्या आठवड्यात ढकललंय.'

ढकललंय... म्हणजे रेष त्यांची, आणि वाटेल तेव्हा उचलून पलीकडेही तेच ठेवणार! आणि मखमल थांबते होय? सोमवारी गेलो, तर पडदे चार बोटं उतरून फरशी पुसतायत. सगळे काढले, उसवले, टांगले, पुन्हा दुमडले. मास्तरांनी या वेळी मापाची फीत माझ्याच हातात दिली, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी हिय्या करून विचारलं, साहेब, वरच्या खोल्यांचं काय?

तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणतो, 'बघू, काका. तुमचं काम चांगलं आहे हो, पण तुम्ही फार घाई करता.'