अंगरख्याचं प्रगतीपुस्तक

सत्यभामा : पाणी नंतर. आधी बसू दे. तुझ्या तीन पायऱ्या चढायला मला अर्धा तास लागला.

मंजुळा : बाई, पण तुमी एकट्या? असला लुळा हात घेऊन? आकाशदादा कुठं हाय?

सत्यभामा : सामान बांधतोय. मी रिक्षा करून आले. रिक्षावाला थांबलाय गल्लीच्या तोंडाशी, त्याला तासभर म्हणून सांगितलंय.

मंजुळा : फोन करायचा व्हता. म्या आले असते सिडकोला. न्हाईतर रविवारी येतेच की म्या.

सत्यभामा : रविवारी मी तिथं नसेन, मंजुळा. उद्या निघतोय आम्ही. आकाशच्या घरी, पुण्याला.

मंजुळा : उद्या? दिवाळीनंतर म्हणल्या व्हत्या ना?

सत्यभामा : फ्लॅट लवकर विकला गेला. घेणाऱ्याला सोमवारी चावी पाहिजे. काल कागदपत्रं झाली. डाव्या हातानं सही करायला गेले, तर दर वेळी वेगळीच उमटायची. शेवटी त्यांनी अंगठा घेतला माझा.

मंजुळा : तुमचा अंगठा?

सत्यभामा : एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यापुढं उभी राहिले. तुझ्यासारख्या सेविकेला सुट्टीनंतर थांबवून, पाटी देऊन सही शिकवली. आणि शेवटी शाई लागली ती माझ्याच अंगठ्याला. हे बघ, अजून निघाली नाही. जाऊ दे. अंगरखा आण.

मंजुळा : चहा टाकते आधी.

सत्यभामा : अंगरखा आण.

मंजुळा : बाई, त्याला इस्त्री राह्यली हाय. असा चुरगळलेला काय दाखवू? उद्या सकाळी आणून देते ना, गाडी निघायच्या आधी.

सत्यभामा : इस्त्री राहिली? माझी पिशवी दे इकडं. वही काढ त्यातून. ती नाही, लाल पुठ्ठ्याची. आता वाच. हजेरी क्रमांक अकरा.

मंजुळा : तुमीच वाचा. तुमचं डाव्या हाताचं अक्षर मला लागत न्हाई.

सत्यभामा : मलाही लागत नाही, पण पाठ आहे. हजेरी क्रमांक अकरा, हिमरूचा अंगरखा. बारावा रविवार : अस्तर लावून झालं, श्रेणी ब. तेरावा रविवार : इस्त्री केली, श्रेणी अ. तूच सांगितलंस, मी लिहिलं. मागल्या रविवारी इस्त्री झालेला अंगरखा आज चुरगळला कसा?

मंजुळा : घडी घातली म्हणून.

सत्यभामा : मंजुळा, या वहीत आपले दहा जण आहेत याच्याआधी. गॅदरिंगसाठी शिवलेल्या मावळ्यांच्या बंड्या आहेत. ती शेरवानी आहे, जिची कॉलर तीनदा उसवली. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या दासीची चोळी आहे. तिच्यासाठी आपण दोघी एसटीनं गेलो, आणि तो पहारेकरी टॉर्च विझवायची घाई करत होता. तुझी गोधडी आहे, दोन वर्षं एकाच इयत्तेत बसलेली.

मंजुळा : तिला मोप डावे शेरे दिले तुमी.

सत्यभामा : द्यायचे होतेच. पण त्या दहाही जणांना तू दर रविवारी पिशवीत घालून माझ्याकडं आणलंस. अर्धंमुर्धं, टाचण्या लावलेलं, जसं असेल तसं. हा अकरावा तेवढा एकदाही आला नाही. कधी धूळ लागते, कधी रिक्षात सांडतं, कधी घरी पाहुणे. तेरा रविवार मी तुझ्या तोंडाकडं बघून श्रेणी दिली.

मंजुळा : उलीसा श्वास घेऊ द्या, बाई.

सत्यभामा : घे. मग आण.

(मंजुळा आत जाते. बराच वेळ कपाटाचं दार वाजत राहतं. ती जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं आणते आणि बाईंच्या मांडीवर न ठेवता खाली चटईवर ठेवते.)

सत्यभामा : सोड.

मंजुळा : तुमी सोडा.

सत्यभामा : एका हातानं गाठ सुटते का? सोड.

मंजुळा : हे घ्या.

सत्यभामा : उजेडात धर. वर धर जरा... पाठ चांगली आलीय. कळ्याही चांगल्या बसल्यात, घेर पडलाय. टाका बारीक आहे. आणि हा पुढचा पल्ला? हा इतका आखूड का? छातीवरून आडवा येऊन काखेपाशी पोचायला पाहिजे. हा मधेच संपतोय.

मंजुळा : चार बोटं कमी पडला.

सत्यभामा : आणि हा दुसरा कुठला? हा वेगळा ठेवलेला?

मंजुळा : तो बी पल्लाच हाय. पहिला.

सत्यभामा : एका अंगरख्याला दोन पल्ले? थांब. बाही कुठंय?

मंजुळा : ही काय.

सत्यभामा : ही एक झाली. दुसरी?

मंजुळा : न्हाई.

सत्यभामा : शिवायची राहिली?

मंजुळा : कापडच न्हाई, बाई. दुसऱ्या बाहीचं कापड ह्या आखूड पल्ल्यात गेलं.

सत्यभामा : नीट सांग. पहिल्यापासून.

मंजुळा : हात लुळा पडायच्या आधी तुमी आखलेला खाकी कागद मला दिला व्हता. म्या घरी आणलं, कापड अंथरलं. तुमच्या वडलांचं, आबांचं कापड. पन्नास वर्सं ट्रंकेत राह्यलेलं, कडुनिंबाचा वास येणारं. खडू हातात घेतला आणि माझं मन होईना. इतक्या चांगल्या अंगावर खडू कसा वढायचा? पुसला न्हाई गेला तर? म्हणून म्या कापड पालथं केलं. उलट्या अंगावर आखलं.

सत्यभामा : आणि कागद?

मंजुळा : कागद पालथा करायचा राह्यला. कापड पालथं, कागद सुलटा. कापून झालं, उचलून अंगाला लावलं, तवा ध्यानात आलं. पल्ला दुसऱ्या बाजूला गेला व्हता. बंद डावीकडं यायचे, ते उजवीकडं येत व्हते.

सत्यभामा : हे कधी?

मंजुळा : पहिल्याच आठवड्यात.

सत्यभामा : आणि पहिल्या रविवारी तू मला काय सांगितलंस?

मंजुळा : कापून झालं म्हणून.

सत्यभामा : श्रेणी अ दिली होती मी. शेरा लिहिला होता : हात बसला.

मंजुळा : तुमी तो वाचून बी दाखवला व्हता. मग काय सांगू?

सत्यभामा : खरं सांगायचं. मी काय तुला खाल्लं असतं?

मंजुळा : तुमीच म्हणल्या व्हत्या. कागद देताना, सिडकोच्या गॅलरीत. म्हणल्या, मंजुळा, बंदाची बाजू सांभाळ. जुन्या काळी कोणी डाव्या बाजूला बांधायचं, कोणी उजव्या, त्याच्यावरून माणूस कुणातला ते कळायचं. बाजू चुकली तर माणूसच बदलतो. मग म्या तर तुमच्या आबालाच बदलून टाकलं ना? आणि तो शेरवानीच्या टायमाचा शेरा म्या इसरले न्हाई. सगळ्या मास्तरांपुढं लाल पेनानं लिव्हलं व्हतं तुमी. हयगय. म्या घरी येऊन नवऱ्याला ईचारलं, हयगय म्हंजे काय.

सत्यभामा : वीस वर्षं झाली त्याला.

मंजुळा : तुम्हाला वीस झाली.

सत्यभामा : पाणी दे आता.

मंजुळा : घ्या. हळू. म्या धरते गिलास.

सत्यभामा : आबा दहा वर्षांचे असताना हिमरूच्या मागावर बसले. खाली विणणारे उस्ताद, आणि वर फळीवर आबा. नक्षीच्या दोऱ्या ओढायचं काम. फूल कुठलं यायचं, वेल कुठं वळायची, ते वरून ठरायचं. म्हातारपणी हात वर गेला की खांदा कटकट वाजायचा त्यांचा. आयुष्यभर हिमरू ओढला आणि अंगावर कधी एक पट्टी चढली नाही. माग बंद पडला तेव्हा उस्तादांनी शेवटचा तुकडा हातात ठेवला. आई म्हणायची, त्यांनी तो एकदा खांद्यावर टाकून पाहिला आणि लगेच घडी घातली.

मंजुळा : सांगितलं व्हतं तुमी. म्हणून तर खडू वढवला न्हाई.

सत्यभामा : आकाशला घालायचा होता. आबांच्या कमरेएवढीच त्याची कमर. एक फोटो काढायचा, आबांच्या फोटोशेजारी लावायचा. तो म्हणाला, आई, नाटकातल्यासारखं दिसेल. पण घालीन म्हणाला. आता कुठं तयार झाला होता.

मंजुळा : बाई, म्या पाया पडते तुमच्या.

सत्यभामा : ते नको करू. ऐक माझं. बंद डावीकडं बांधणारे राजेरजवाडे. उजवीकडं बांधणारेही राजेरजवाडे, नाहीतर त्यांचे सरदार. पुस्तकं मी सगळी चाळली. आपल्या आबांच्या माणसांनी कुठल्या बाजूला बांधायचं, हे एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. कारण आबांच्या माणसांना अंगरखाच नव्हता. मग बाजू कुठली चुकणार?

मंजुळा : म्हंजे?

सत्यभामा : म्हणजे तुझा पहिला पल्ला बरोबर होता. उजवीकडं तर उजवीकडं. त्या रविवारी सांगितलं असतंस, तर मी रागावले असते, रात्रभर जागले असते, आणि सकाळी फोन करून म्हणाले असते, राहू दे तसाच. बाही वाचली असती.

(मंजुळा पदरानं डोळे पुसते.)

सत्यभामा : रडू नको. तुला एकटीला रडायचा हक्क नाही.

मंजुळा : म्या कापली ती बाही, तुमी न्हाई.

सत्यभामा : बाही कधी कापलीस? कितव्या आठवड्यात?

मंजुळा : सातव्या. सहा आठवडे म्या पाठ आन् कळ्याच करीत बसले, पल्ल्याला हात लावायचं धाडस होईना. मग वाटलं, बाहीच्या कापडात नवा पल्ला निघतो का बघू.

सत्यभामा : चौथ्या रविवारी तू सांगितलंस, पल्ला बसवला, बंद लावले. मी वहीत लिहिलं. तू गेल्यावर कपाट उघडलं. बंदांची गुंडाळी माझ्याच कपाटात होती. आठच्या आठ. तुला द्यायची राहिली होती.

मंजुळा : तुम्हाला तवाच मालूम व्हतं?

सत्यभामा : काय झालंय ते माहीत नव्हतं. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. आणि मी गप्प बसले. पाचव्या रविवारी गप्प, सहाव्या रविवारी गप्प. तेव्हा विचारलं असतं, तर सातव्या आठवड्यात तू कात्री उचलली नसतीस.

मंजुळा : काहून न्हाई ईचारलं?

सत्यभामा : विचारलं असतं तर तू यायची थांबली असतीस. शरमेनं. तुला मी ओळखते. आणि शिवून पूर्ण झाला असता, तरी थांबलीच असतीस. या हातानं आता नवीन काही आखता येत नाही, म्हणजे बारावा कोणी वहीत येणार नव्हता. मला तो अपुराच बरा वाटला. आठवडाभर त्या फ्लॅटमध्ये फिजिओथेरपीवाली सोडून कोणी येत नाही गं.

मंजुळा : म्या तशी बी आले असते, बाई. चहाला आले असते.

सत्यभामा : हे मला आता कळतंय.

मंजुळा : जुना पल्ला परत लावून देते. आत्ता बसते, तासाभरात टाचते. तसं कापड कुठं गावतं का बघते बाहीसाठी.

सत्यभामा : नाही मिळणार. आणि दुसऱ्या कुणी ओढलेली नक्षी आबांच्या अंगरख्याला नको. आकाशला मी एका बाहीचा अंगरखा घालायला सांगणार नाही. तो घालेल, हसणारही नाही, पण मला ते बघवणार नाही. बांध. होता तसा ट्रंकेत जाईल.

मंजुळा : पुण्याला न्याल?

सत्यभामा : ट्रंक नेतोय आकाश. काय काय सोडायचं यावरून दोन दिवस वाद झाला, पण ट्रंकेचं मी ऐकलं नाही. दोन्ही पल्ले ठेव आत. चिंध्या आहेत का?

मंजुळा : हायेत. एक बी फेकली न्हाई. डब्यात ठेवल्यात.

सत्यभामा : त्या राहू दे तुला. तुझ्या त्या नापास गोधडीला लाव.

मंजुळा : व्हय.

सत्यभामा : हॉर्न वाजवतोय तो. त्याचा तास झाला वाटतं.

मंजुळा : वाजवू द्या. म्या येते सोडायला, सिडकोपर्यंत.

सत्यभामा : ये. पण आधी वही उघड. हजेरी क्रमांक अकरा, चौदावी ओळ. शेरा राहिलाय. पेन घे.

मंजुळा : म्या?

सत्यभामा : मग कोण? माझा तर आता अंगठा चालतो.

मंजुळा : तुमच्या वहीत म्या कधी लिव्हलं न्हाई.

सत्यभामा : म्हणून तर. सावकाश लिही. खरं असेल तेच लिही.

मंजुळा : ... लिव्हलं.

सत्यभामा : वाच.

मंजुळा : एक बाही नाही. चूक दोघींची.

सत्यभामा : बरोबर आहे. खाली वार घाल.

मंजुळा : घातला. रविवार.

सत्यभामा : आज बुधवार आहे, मंजुळा.

मंजुळा : ठावं हाय. रविवारच राहू द्या, बाई.