सगळ्यांना सारखी गोळी

...अहो, पण गोळ्या कुणी वाटून खातं का? तुम्हीच सांगा! थांबा, आधी माणसं सांगते, नाहीतर म्हणाल हिनं शेंडा धरला आणि बुडखा सोडला. आटपाट नगर कुठलं, आटपाट खोली होती! चिंध्या निवडायच्या कारखान्यामागं, एका दाराची, बिनखिडकीची. तिथं राहायची एक सासू, तिचा धाकटा लेक, त्या कारखान्यात कामाला जाणारी त्याची बायको आणि दोन नातवंडं. थोरला लेक होता, तो खोकून खोकून गेला, म्हणून धरला नाही.

सासूचा नेम असा, की घरात जे येईल ते तिच्या हातानं वाटायचं. साबणाची वडी आली, दोऱ्यानं कापली, सगळ्यांना सारखी. वाटणी म्हणजे वाटणी! दुजाभाव केला की घरची बरकत जाते म्हणे. जायला आधी यावी लागते की नाही?

मग सून खोकायला लागली. तीच थोरल्याची ढास, तोच संध्याकाळचा ताप. सासू ऐकायची आणि भिंतीकडं तोंड फिरवायची.

तेवढ्यात आली एक पोर, डॉक्टरकी शिकणारी. तिला म्हणे फेलोशिप मिळालेली. म्हणजे काय, तर ज्यांच्या दारात डॉक्टर फिरकत नाही त्यांच्या दारात वर्षभर हिनं फिरकायचं! खांद्याला ही भलीमोठी पिशवी, म्हणून वस्तीनं नाव ठेवलं पिशवीवाली. तिनं सुनेची थुंकी तपासून आणली, टीबी निघाला. आठवड्याच्या गोळ्या हातावर ठेवून म्हणाली, "ताई, रोजच्या रोज सगळ्या एकदम घ्यायच्या हं!" सुनेनं मान हलवली आणि गोळ्या नेऊन दिल्या सासूकडं. दुसरं काय करणार?

वाटणी म्हणजे वाटणी! रोज एक सुनेला, एक लेकाला, एक आपल्याला, आणि उरलेली वाटीच्या बुडानं चुरून नातवंडांना, अर्धी अर्धी.

पिशवीवाली वजन करायची, काटा खालीच. "ताई, गोळ्या घेता ना?" "घेते की!" खोटं कुठं होतं ते? घेतच होती, आपल्या वाट्याची! पुढं फडक्यावर रक्त पडायला लागलं... पोरीला काही उमगेना. आणि एक दिवस बघते तर धाकटा नातू गटाराशी उभा, अन् धार नारिंगी! "कधीपासून रे असं?" "आमच्या घरात सगळ्यांचीच रंगीत आहे! बाबांची तर माझ्याहून लाल!" काय तो तोरा! तो रंग त्या गोळ्यांचाच, हे पोरीला ठाऊक. तशीच तरातरा सासूपुढं जाऊन उभी.

"आजी, जीव घेताय तुम्ही तिचा!"

सासूनं आवाज चढवला नाही. "बये, थोरला गेला तेव्हा कुठं होतीस? एका खोलीत सगळे एकच हवा ओढतो आम्ही. आता औषध आलंय, तर एकीला देऊ आणि बाकीच्यांची पाळी बघत बसू?"

पुस्तकात असतं का हे? पोर म्हणाली, "सगळ्यांना तपासू, आजी. ज्याला लागेल त्याला त्याचं औषध आणीन. पण हिचं दुखणं घेतलंत का वाटून? थोडं तुम्ही खोकलात, थोडं मुलानं, असं? नाही ना? मग गोळी कशी वाटता?"

सासूनं वाटणी म्हणजे वाटणी म्हणायला तोंड उघडलं, आणि गोळ्यांचा डबा सुनेपुढं सरकवला.

बाकीचे सुटले हो तपासणीत, कुणालाच टीबी नव्हता. पण अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी सुनेचं दुखणं मुरलं, निगरगट्ट झालं. आता औषधं जहाल, खाल्लं की ओकायची, कानात दिवसरात्र घणघण. कारखान्यानं तिची जागा दुसरीला दिली. पिशवीवाली रोज सकाळी दारात, "जीभ उचला, ताई, बघू गिळली का!" तिचं वर्ष संपलं तरी येतच राहिली. थोरल्याच्या अंगावर शेवटी घातलेली चादर सासूनं धुऊन ठेवली. कशाला, ते कुणी विचारलं नाही...

आणि एका सकाळी सून कडाडली! कारण काय, तर बादली भलतीकडं ठेवली. जी सुटली ती सासूच्या माहेरापर्यंत जाऊन आली, सात पिढ्या उद्धरल्या, एका दमात, आणि मधे एकदासुद्धा खोकली नाही! पिशवीवाली उंबऱ्यात थिजलेली. सासू खाली बसून ऐकतेय, डोळ्यांना धार. म्हणते, "बोल गं, अजून बोल!"

असं भाग्य उजळलं बघा त्या घराचं. तेव्हापासून रोज उजळतंय, सकाळ-संध्याकाळ, आणि म्हातारीला मधे एक शब्द बोलायला मिळत नाही!