पणजोबा हौगेन, पणजी हौगेन

व्हिसा मेडिकलच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी बायका.

"शुभ्रा, आमच्या अंकुरचं लग्न मोडतंय गं!"

"सुनेत्रा! त्या नॉर्वेच्या सिग्रिडशी? अगं, शनिवारी साखरपुडा ना? तिकडे उम्म अल कुवैन शहरात हॉल पण बुक केलास!"

"तेच तर! तिची पत्रिका नाही, गोत्र नाही. म्हटलं, घराणं तरी बघू. त्यांच्या चर्चची लग्नांची जुनी रेकॉर्ड्स ऑनलाइन आहेत. फुकट."

"मग?"

"पणजोबा हौगेन. आणि पणजी लग्नाआधी... तीही हौगेन!"

"अरे देवा! भाऊबहीण?"

"मी लगेच सिग्रिडच्या आईला फोन केला. विचारलं, तुमचे आजीआजोबा भाऊबहीण होते का?"

"असं तोंडावर?"

"पोलाइटली विचारलं गं. ती म्हणाली, हौगेन हे शेताचं नाव. त्या शेतावर जो राहील तो हौगेन. नात्यागोत्याचा काही संबंध नाही."

"म्हणजे आपल्या गावाच्या आडनावांसारखंच की."

"हो ना. मी सॉरी म्हणाले, ती हसली. म्हटलं, खलास, मिटलं. तर तिनं सहज विचारलं, मिसेस केळशीकर, तुमचं लग्नाआधीचं आडनाव काय?"

"अगंबाई! तू तर माहेरचीही केळशीकर!"

"म्हणून घाबरून मी फोनच कट केला."

"वेडे! आता ती काय समजेल?"

"समजली. अंकुरला सिग्रिडचा मेसेज आलाय, तुझे आईबाबा भाऊबहीण आहेत का?"

"बापरे!"

"पोलाइटली विचारलंय."