रकाना क्रमांक चौदा

...नाही, पण मी म्हणते, माणसानं इतकंही सरळ असू नये हो! तुम्हाला सांगते, कालपासून माझं डोकं नुसतं भणभणतंय. आज सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना फळ्यावर तीन छेद पाच लिहायचं, ते मी 'अर्जदार क' लिहून मोकळी झाले, पोरं खिदळतायत आणि मी खडू धरून उभी... कारण गेले दोन महिने हा अर्जदार क आमच्याच घरात राहतोय. आमच्याच टेबलावर जेवतो, आमच्याच खोलीत घोरतो. आणि तो दुसरातिसरा कोणी नाही, आमचे हेच! थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाही. बसा, पहिल्यापासून सांगते.

हे विद्यापीठात शिकवतात. काय शिकवतात? विकास, सार्वजनिक धोरण आणि कारभार. शेजारच्या वहिनींना मी पहिल्यांदा सांगितलं, "विकास शिकवतात," तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, कोणाचा हो?" आता ह्यावर काय बोलणार? घरी येऊन ह्यांना विचारलं, तर हे खुर्चीत ताठ झाले, "अगं, हाच तर मूळ प्रश्न आहे!" म्हणाले आणि दीड तास बोलले. मी वहिनींना ते काही सांगितलं नाही, त्यांचं माझं बरं चाललंय. आणि कारभार म्हणाल तर... आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्यानं प्लंबरला फोन केला असता की नाही? ह्यांनी टिपण केलं! नळ का गळतो, गळण्याशी कोणाकोणाचा संबंध आहे, याआधी कोणते उपाय योजले गेले आणि ते का फसले... टिपण छान झालं होतं हो. नळाखालीच ठेवलं होतं, शाई पसरली, मग मीच प्लंबरला बोलावलं. लग्न मी माझ्या मर्जीनं केलेलं. तक्रार करायची कोणाकडे?

पण एक सांगते, शिकवायला उभा राहिला की हा माणूस वेगळाच. दरवर्षी नव्या मुलांना हे एका सरकारी कचेरीत नेतात आणि रांगेत उभं करतात. काही काम नसताना! सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. वही नाही, पेन नाही, मोबाइल पिशवीत. पुढच्याशी बोलायचं, मागच्याशी बोलायचं, खिडकी बंद झाली की सगळ्यांबरोबर हात हलवत घरी. "धोरण वाचून कळत नाही, खिडकी तोंडावर बंद झाली की कळतं," हे ह्यांचं म्हणणं. त्यातली एक मुलगी आज मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होत नाही, दोघं कारकून आळीपाळीनं जेवतात. तिनं हे फोन करून सांगितलं, तेव्हा आमचे हे उठून गॅलरीत गेले आणि कितीतरी वेळ आत आलेच नाहीत. मला कळत नाही होय? डोळे पुसत होते.

तर ह्यांचं पद सहयोगी प्राध्यापक. सतरा वर्षं झाली, नुसता सहयोगच देतायत. सहयोगी असाल तर साठाव्या वर्षी घरी, पूर्ण प्राध्यापक असाल तर पासष्टाव्या. म्हणजे बढती मिळाली तर आणखी पाच वर्षं, आणखी पाच रांगा. नाही मिळाली तर या वर्षाअखेरीस गाशा गुंडाळायचा, आणि तो रांगेचा वर्ग ह्यांच्याबरोबरच संपणार, कारण बाकीचे म्हणतात, दिवसभर तंगड्या कोण मोडून घेणार? म्हणून ह्यांनी अर्ज केला. शेवटची संधी. तोंडानं म्हणत होते, "मिळालं तर मिळालं." पण अर्जाची पाकीटबंद प्रत नेताना शर्ट मात्र नवा घातला होता.

आणि इथे अठरा वर्षांपूर्वीचं लचांड उपटलं! तेव्हा सरकारनं एक समिती नेमली होती, नोकरदार माणसाचं काम मोजायचं कसं म्हणून. समितीत हे. ह्यांनी तक्ता केला, चौदा रकान्यांचा. किती बैठका, किती अहवाल, किती दिवसांत उत्तर दिलं... आणि चौदावा रकाना, 'मोजता न येणारे काम'. त्याच्यावर ह्यांना अडीच पानं लिहायची होती. पण समितीचे सचिव, ते नाकात बोलायचे, "सरऽ, एवढ्याशा चौकोनात अडीच पानं कशी मावायची? उद्या छपाई आहे. तिथे आकडा टाका नाऽ." हे दमलेले, घरी आमची धाकटी लेक तापानं फणफणलेली, ह्यांनी टाकला आकडा. 'तूर्त शून्य धरावे.' बेरीज मीच तपासली हो! गणिताची बाई ना मी. शून्यानं बेरीज बिघडत नाही एवढंच पाहिलं, शून्यात काय काय जातंय ते मीसुद्धा पाहिलं नाही. आणि कचेरीतलं 'तूर्त' म्हणजे किती ते तुम्हाला ठाऊकच आहे. अठरा वर्षं झाली, अजून तूर्तच चाललंय.

यंदा विद्यापीठानं बढतीसाठी कोणता तक्ता घ्यावा? तोच! आमच्या घरी, आमच्या टेबलावर जन्माला आलेला! साठ गुण हवेत. हे भरायला बसले. शोधनिबंध, झाले इतके. परिषदा, झाल्या तितक्या. आणि रांगेचा वर्ग? रकाना चौदा. मुलांची कच्ची लिखाणं चार-चारदा वाचून सुधारून देणं? रकाना चौदा. शिक्षण सोडून निघालेल्या एका पोराला घरी बोलावून दुपारभर समजावलं, मी तीनदा चहा केला, अहो, तो माझा चहासुद्धा रकाना चौदा! सगळ्याला शून्य. एकूण गुण सत्तावन्न. तीन कमी. बरं, नियम ह्यांचा, बेरीज माझी. तक्रार करायची कोणाकडे?

निवड समितीची अध्यक्ष कोण, तर ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "सर, मला इतकं वाईट वाटतंय म्हणून सांगू... पण एकासाठी नियम वाकवला की तो सगळ्यांसाठी मोडतो. तुमचंच वाक्य, सर! मी लाल शाईनं वहीत लिहून ठेवलंय." मला वाटलं हे चिडतील, आदळआपट करतील. कसलं काय! घरी येऊन म्हणतात, "पोरगी हुशार आहे गं. बरोबर लक्षात ठेवलंय."

शेवटी मीच हट्टाला पेटले. म्हटलं, विद्यापीठात तक्रार निवारण शाखा आहे ना? करा तक्रार! केली. तिथे नावं झाकतात, निःपक्षपाती काम. ह्यांचं नाव पडलं अर्जदार क. सहा आठवडे सामसूम. आणि मग एके दिवशी घरी मोठं पाकीट आलं, 'अत्यंत गोपनीय'. 'माननीय विषयतज्ज्ञ, अर्जदार क यांची तक्रार आपल्या अभिप्रायार्थ पाठवीत आहोत.' विषयतज्ज्ञ म्हणजे... हो! हेच! ह्यांची तक्रार तपासायला ह्यांच्याकडेच आली! मी इतकी वर्षं नुसतं म्हणत होते, तक्रार करायची कोणाकडे, घ्या, टपालानं उत्तर घरपोच!

ह्यांनी फोन लावला. पलीकडचा कारकून अगदी शांत, ढेकर देत बोलल्यासारखा. "सर, अर्जदार कोण ते तुम्ही ओळखलंत?"

"ओळखलं म्हणजे... हो."

"मग गोपनीयता भंगली. तक्रार बाद करू?"

"नको, नको! दुसरा तज्ज्ञ नेमा ना."

"यादीत एकच नाव आहे सर. या तक्त्यातले जाणकार तुम्हीच. ओळखलं नाही असं समजून मत देता का?"

तीन दिवस! तीन दिवस हे टेबलावर स्वतःची तक्रार मांडून बसले. मी म्हटलं, "अहो, विचार कसला करताय? अन्याय झालाय असं लिहा आणि मोकळे व्हा." तर म्हणे, "तसं कसं? पक्षपात होईल." पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "याची भाषा जरा भावनिक आहे." म्हटलं, "कोणाची?" तर म्हणे, "अर्जदाराची." दुसऱ्या दिवशी, "पुरावे कमी जोडलेत यानं. असे अर्ज मी सहसा परत पाठवतो." मी हातातलं लाटणं... जाऊ दे. तिसऱ्या दिवशी मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, "अहो, तो अर्जदार तीस वर्षं मुलांना घेऊन रांगेत उभा राहिलाय. पाय सुजून यायचे त्याचे. गरम पाण्याचं घमेलं मी भरलंय! तुम्हाला नसेल दिसत तो माणूस, मला दिसतोय!" आणि मी चक्क रडले. ह्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला लागले.

मी वाचलं नंतर. लिहिलं होतं, 'रकाना चौदामध्ये शून्य धरणे ही चूक होती. ती करणारा घाईत होता आणि चौकोन भरायचा म्हणून त्याने तो भरला. जे मोजता येत नाही ते केलेच नाही, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. अर्जदाराची तक्रार रास्त आहे.' तुम्हाला खरं सांगते, इतक्या वर्षांत ह्यांचं एवढं लिखाण तपासलं, पण अभिमान वाटला तो ह्या चार ओळींचा.

काल उत्तरं आली. दोन पाकिटं. पहिलं तज्ज्ञांना. 'आपले मत मिळाले. तथापि ते तज्ज्ञांच्या मूळ अहवालाशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही.' म्हणजे ह्यांचं आजचं मत ह्यांच्याच अठरा वर्षांपूर्वीच्या मताविरुद्ध आहे म्हणून बाद! दुसरं अर्जदार क यांना. 'तज्ज्ञांशी विचारविनिमय करून आपली तक्रार फेटाळण्यात येत आहे.' बोला! तक्रार करायची कोणाकडे?

आणि ऐका, तज्ज्ञांच्या पत्राखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ. 'अभिप्राय दिल्याबद्दल आपल्या खाती रकाना नऊमध्ये तीन गुण जमा.' सत्तावन्न आणि तीन किती? मी ओरडलेच, "अहो, साठ! साठ झाले!" हे म्हणाले, "पुढचं वाच." पुढे होतं, 'सदर गुण पुढील शैक्षणिक वर्षापासून धरले जातील.' पुढचं वर्ष सुरू होतं त्याच्या बरोबर एक महिना आधी हे निवृत्त.

ह्यांनी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "निर्णय नियमाला धरून आहे. पोच द्यायला हवी. एक तज्ज्ञाकडून, एक अर्जदाराकडून." आणि लिहिल्या हो दोन्ही, एका बैठकीत, एकाच पेनानं! मी काय करणार? उठले, कपाटातून एक पाकीट काढून पुढे केलं. तर म्हणतात कसे, "अगं, दोन दे, दोन! एकाच पाकिटात घातल्या तर त्या दोघांची ओळख आहे असं वाटेल."