समुद्राला शिवू नकोस

हसू नका गं, चहा सांडेल. माझी धाकटी जाऊ, सुमन, लेक-सून-नातवंडांबरोबर गोव्याच्या रिसॉर्टवर गेली. पोचल्या पोचल्या व्हिडिओ कॉल! "जाऊबाई, लाटा बघा!" मी इथे बनारसात गच्चीवर माकडं हाकतेय. जळले की हो मी! म्हटलं, "सुमन, पौर्णिमा-अमावस्येशिवाय समुद्राला शिवू नये, पाप लागतं. भटजींच्या घरची सून ना तू?" घाबरलीच ती. चारही दिवस नातवंडं पाण्यात अन् ही खुर्चीत. त्या खुशीत मी कचोरी-जिलबी मागवली.

परवा आली, गळ्यातच पडली. "जाऊबाई, बरं झालं सांगितलंत! लेक म्हणाला, आई, तुझं समुद्रस्नान राहिलं, येत्या अमावस्येला पुन्हा जाऊ. या खेपेला आठ दिवस!"