न्हाव्याला मिळालेला हक्क

...नाही, मी म्हणतो, हक्क द्यायचा तर माणूस बघून द्यावा की नाही? न्हाव्याला कुणी गप्प बसायचा हक्क देतं का? टकल्याला कंगवा दिल्यातली गत! पण आमची भाची, ताईची धाकटी, नवीकोरी वकील, काळा कोट अजून खांद्याला नीट बसलेला नाही, ती चौकीत येऊन बाकड्यावर माझ्याशेजारी टेकली आणि कानात म्हणते कशी, "मामा, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. घटनेनं दिलेला हक्क आहे. मी सांगेपर्यंत एक शब्द काढायचा नाही." म्हटलं, अगं बाई, हक्क आहे, मान्य... पण जमायला नको?

आता मी चौकीत कसा, तर एका खुर्चीपायी. माझ्या दुकानासमोर दुसरं केशकर्तनालय आहे, त्याच्या मालकाला मी 'समोरचा' म्हणतो म्हणून सगळा बाजारच तसं म्हणतो. त्यानं नवी खुर्ची आणली. गोल फिरणारी, पायानं दाबली की वर जाणारी, मान टेकली की डोळा लागावा अशी. आणि आमच्या धंद्यात कसं, गालाला फेस लावला की तोंड चालू ठेवावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक वस्तऱ्याकडे बघत बसतं आणि घाबरतं. तर मी येईल त्याला सांगत सुटलो, "बघाच, ती खुर्ची एक दिवस माझ्या दुकानात आणतो की नाही." आणि एका सकाळी खुर्ची गायब. समोरच्यानं तक्रार दिली, आणि अख्खा बाजार साक्षीला तयार. दाढ्या मी करायच्या आणि साक्ष माझ्याचविरुद्ध द्यायची!

फौजदारसुद्धा माझंच गिऱ्हाईक. टेबलावर झुकून म्हणतो, "बोल की रे. एरवी एका दाढीत दोन सरकारं पाडतोस, आज काय झालं?" भाची म्हणाली, "साहेब, यांना कशासाठी पकडलंय ते आधी नीट सांगा, आणि चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करा. माझे अशील बोलणार नाहीत." अशील म्हणजे मी बरं का! लहानपणी केस कापताना ही रडायची, तेव्हा गोष्टी सांगून गप्प मी करायचो, आणि आता ही मला करतेय. मी हळूच म्हटलं, अगं, नुसतं 'मी नेली नाही' एवढं तरी सांगू दे. तर म्हणते, "मामा, तुम्ही 'नाही'पासून सुरू कराल आणि खुर्ची किती आवडते इथवर येऊन पोचाल." खोटं कशाला बोलू, पोचलो असतो. हक्क आहे हो, पण जमायला नको?

मग डबा घेऊन बायको आली. फौजदार कान टवकारून उभा. ती विचारते, "अहो, तुम्ही नाही ना नेलीत?" मी भाचीकडे बघतो, भाची मान हलवते, मी गप्प. झालं, हिच्या डोळ्यांत पाणी. "साहेब, हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो हो, आणि आज गप्प आहे म्हणजे... अहो, काय करून बसलात?" तुम्हाला सांगतो, तिथे मी हललो. कोठडीचं एवढं नाही, पण हिलाच मी चोर वाटलो तर सुटून तरी जायचं कुठे? मी "अगं" म्हणून तोंड उघडलं, तर भाचीनं डब्यातला घास त्यात कोंबला आणि म्हणाली, "मामी, मामा जेवतायत."

दुसऱ्या दिवशी कोर्ट. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पुरावा काय?" सरकारी वकील म्हणाला, "मॅडम, हा खुर्चीबद्दल सगळ्यांना सांगत होता, आणि पकडल्यापासून गप्प आहे. न्हावी आणि गप्प! आणखी काय पुरावा हवा?" सगळे हसले, बाई नाही हसल्या. "खुर्ची सापडली? नाही. नेताना कुणी पाहिलं? नाही. मग? बोलणं हा गुन्हा नाही आणि न बोलणं हा पुरावा नाही. मीसुद्धा सकाळपासून गप्प बसलेय, मला टाकता का आत? सोडा यांना." बाई ना नात्याच्या, ना ओळखीच्या, आणि माझ्या गप्प बसण्याला मान दिला. माझ्या बोलण्याला आजवर कुणी दिला नव्हता.

आणि संध्याकाळी समोरच्याचा मेव्हणा टेम्पोतून खुर्ची घेऊन हजर! गंमत करायची म्हणून न सांगता नवं कव्हर चढवायला नेली होती म्हणे. समोरचा ओशाळला, हात धरून मला घेऊन गेला, त्याच खुर्चीत बसवून माझे केस कापले. काय सांगू, स्वर्ग!

मग घरी आलो आणि सुटलोच. जेवताना बोललो, हात धुताना बोललो. बायको आधी डोळे पुसत हसत होती, मग म्हणाली, "आता पुरे." मी लग्नापासूनची सबब पुढे केली, "अगं, मला गप्प बसायला जमत नाही, तुला माहितेय." तर शांतपणे म्हणते, "जमतं. कोर्टात सिद्ध झालंय." भाचीला म्हटलं, अपील कर. ती म्हणते, "मामा, मामीच्या बाजूची साक्षीदार मीच आहे." म्हणून तर हे सगळं तुम्हाला सांगतोय... घरी आता सोय राहिली नाही.